महागड्या गाडीची बॅटरी उतरली तर: काय करायचं आणि कशाला हात लावायचा नाही

महागड्या गाडीची बॅटरी उतरली म्हणून गाडीचं सहसा काही बिघडत नाही. बिघडतं ते त्यानंतरच्या अर्ध्या तासात. कामाला उशीर होत असतो, वॉचमनपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे जमलेले असतात, कुणी धक्का मारू म्हणतं, कुणी रस्त्यावरच्या ट्रकवाल्याला हाक मारतं आणि त्या गडबडीत लाल-काळी वायर उलटी लागते. बॅटरी काही हजारांत येते. उलट्या वायरीने जळालेल्या कंट्रोल युनिटांचं (म्हणजे गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरांचं) बिल लाखांत जाऊ शकतं.

पहिल्यांदाच बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी, व्होल्वो, लँड रोव्हर अशी गाडी घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय. नाशिकमध्ये अशा बऱ्याच गाड्या मुंबई-पुण्याकडून सेकंड हँड येतात आणि सोबत मॅन्युअल मिळेलच असं नसतं. म्हणून अगदी पहिल्यापासून सांगतो.

आधी खात्री करा: बॅटरीच उतरलीय ना?

रिमोट दाबला आणि गाडी उघडली नाही, म्हणजे बॅटरी उतरली असं लगेच धरू नका. रिमोटमधला नाण्याएवढा सेल संपला तरी हेच होतं. बहुतेक रिमोटमध्ये सीआर२०३२ किंवा सीआर२४५० सेल असतो, तो घड्याळाच्या दुकानात मिळतो. लपलेल्या किल्लीने (तिच्याबद्दल पुढे) दार उघडून आतले दिवे लागतात का पाहा. दिवे स्वच्छ लागले तर गाडी ठीक आहे, रिमोट थकलाय. सेल बदलेपर्यंत रिमोट स्टिअरिंग कॉलमवरच्या खुणेच्या जागी किंवा कन्सोलमधल्या ठरलेल्या खाचेत धरून गाडी चालू करता येते. ही जागा प्रत्येक मॉडेलची वेगळी असते. आजच शोधून ठेवा.

दिवे लागले, डिस्प्ले आला, पण स्टार्टचं बटण दाबल्यावर नुसतं टक-टक-टक वाजलं आणि डिस्प्ले लुकलुकला, तर बॅटरीत सेल मारण्याइतकी, म्हणजे इंजिन फिरवून चालू करण्याइतकी, ताकद उरलेली नाही. सगळा अंधार असेल तर ती पुरती उतरली. आणि दिवे झगझगीत असूनही काहीच आवाज येत नसेल, तर बॅटरीच्या मागे लागू नका. ब्रेक पेडलचा स्विच, गिअर, रिमोटची ओळख, स्टार्टर मोटर यांपैकी काहीतरी असणार.

दोन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर घरात असेल तर तर्क करावा लागत नाही. डीसी २० व्होल्टवर लावून मोजा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. ११.९ किंवा त्याखाली म्हणजे रिकामी.

दार उघडायचं कसं

रिमोटच्या कडेला एक छोटी कळ असते. ती सरकवली की आतून धातूची किल्ली निघते. तिचं भोक सहसा चालकाच्या दाराच्या हँडलजवळ असतं आणि बऱ्याच गाड्यांत ते प्लास्टिकच्या झाकणाखाली लपवलेलं असतं. झाकण सहसा हँडल ओढून धरल्यावर खालच्या खाचेतून निघतं. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, रंग उडतो.

किल्लीने उघडलेल्या गाडीत करंट परत आला की अलार्म वाजू शकतो. घाबरू नका, रिमोटवरचं अनलॉक दाबलं की थांबतो. ज्या गाड्यांच्या दाराला वरून काचेची चौकट नसते, त्यांच्यात दार उघडताना काच जराशी खाली सरकते. बॅटरी उतरलेली असली की ती सरकत नाही, त्यामुळे दार हळू ओढा आणि लावताना तर आपटूच नका.

लहान मूल किंवा म्हातारं माणूस अशा गाडीत बसवून मदतीची वाट पाहू नका. काचा खाली होत नाहीत, एसी नसतो आणि एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीला टेकतो.

बॅटरी आहे कुठे?

नवख्या माणसाचा इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. बोनेट उघडलं तर बॅटरी दिसतच नाही. बहुतेक बीएमडब्ल्यूंमध्ये ती डिकीत असते. मर्सिडीजमध्ये मॉडेलनुसार बोनेटखाली किंवा डिकीत. ऑडी क्यू७ आणि पोर्श कायेनच्या काही पिढ्यांत तर पुढच्या सीटखाली. वजन पुढे-मागे नीट वाटलं जावं आणि बॅटरी इंजिनाच्या उष्णतेपासून लांब राहावी, यासाठी ही रचना असते.

आता पेच असा की बॅटरी डिकीत आणि डिकी विजेवर उघडणारी. वीज नाही म्हणून डिकी बंद, डिकी बंद म्हणून बॅटरीपर्यंत हात पोचत नाही. कंपन्यांनी याची सोय करून ठेवलेली असते. बोनेटखाली एक लाल झाकण दिसेल, त्यावर अधिकचं चिन्ह असतं. ते उघडलं की आत धातूचा पॉइंट असतो, तो थेट बॅटरीच्या प्लसला जोडलेला असतो. जवळच गाडीच्या बॉडीवर एक उघडा धातूचा खुंट असतो, तो मायनस म्हणजे अर्थिंगचा. जंपर, म्हणजे दुसऱ्या बॅटरीवरून करंट आणणाऱ्या लाल-काळ्या केबली, या दोन पॉइंटांवर लावायचा. मागची बॅटरी बघायचीही गरज पडत नाही. करंट मिळाला की डिकीही उघडते.

यावरून आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. जंपर केबल, चार्जर किंवा स्टार्टर पॅक (गाडी चालू करून देणारी छोटी सुटी बॅटरी) डिकीत ठेवू नका. नेमकं हवं तेव्हा ते कुलूपबंद असेल. ते सीटखाली किंवा मागच्या सीटच्या पायाशी ठेवा.

काही गाड्यांत दोन बॅटऱ्या असतात, तर अलीकडच्या माइल्ड हायब्रिड गाड्यांत (इंजिनाला छोट्या विजेच्या मोटरची जोड असलेल्या) १२ व्होल्टच्या जोडीला ४८ व्होल्टची. ४८ व्होल्टच्या बॅटरीला हात लावायचा नाही. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांतल्या जाड नारिंगी केबली त्याहून जास्त व्होल्टेजच्या असतात, त्या सोडवायच्या नाहीत, हलवायच्याही नाहीत. मात्र इलेक्ट्रिक गाडीतही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते आणि तीच उतरल्यामुळे कोटीची गाडी गप्प उभी राहू शकते.

करंट कुणाकडून घ्यायचा

नाशिकच्या रस्त्यावर मदत पटकन मिळते. माणूस थांबतो, खाली उतरतो, 'काय झालं भाऊ' विचारतो. पण कुणाच्या गाडीवरून करंट घ्यायचा हे तुम्हीच ठरवा, कारण नुकसान तुमचं होणार आहे.

ट्रक, बस आणि मोठे टँकर २४ व्होल्टवर चालतात. मुंबई-आग्रा महामार्गावर, अंबड-सातपूरच्या एमआयडीसीत किंवा पिंपळगावच्या बाजार समितीबाहेर सगळ्यात आधी ट्रकवालाच मदतीला येईल. त्याच्या मनात काही वाईट नसतं. तरीही हात जोडून नाही म्हणा. २४ व्होल्ट तुमच्या गाडीत गेले, तर एका क्षणात अनेक कंट्रोल युनिट जळू शकतात.

१२ व्होल्टची गाडी हवी, आणि शक्यतो मोठ्या बॅटरीची. डिझेल इंजिनाची इनोव्हा किंवा इथेच सातपूरला घडलेली स्कॉर्पिओ चांगली चालते. दिंडोरी-निफाडकडे मळ्यात अडकलात, तर ट्रॅक्टर हाताशी असतो. त्याचीही बॅटरी सहसा १२ व्होल्टचीच असते, पण बॅटरीवर छापलेलं वाचून खात्री करा आणि करंट घेताना ट्रॅक्टरचं इंजिन बंद ठेवा, कारण जुन्या ट्रॅक्टरच्या चार्जिंगचा भरवसा नसतो. मोटरसायकलची बॅटरी पुरत नाही. आणि हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीवरून करंट घेऊ नका. ती दुसऱ्याला सेल मारून द्यायला बनलेली नसते, बिघाड झाला तर त्या मालकाचं नुकसान.

माझं स्पष्ट मत विचाराल, तर १२ व्होल्टचा लिथियमचा जंप स्टार्टर पॅक घेऊन ठेवा. जाड पुस्तकाएवढा असतो, उलट्या जोडणीपासून संरक्षण असलेला मिळतो आणि कुणाच्या गाडीची वाट बघावी लागत नाही. तीन लिटरच्या डिझेल इंजिनाला पुरेल असाच घ्या आणि दोन-तीन महिन्यांनी त्यालाही चार्ज करा. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत तो ठेवू नका, घरात आणा.

जंपर लावण्याचा क्रम

आधी बॅटरी दिसत असेल तर तिच्याकडे नीट बघा. ती फुगली असेल, चिरली असेल, पाणी सुटलं असेल किंवा सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर जंपर लावायचा नाही, फोन करायचा. सगळं ठीक असेल तर पुढे चला. दोन्ही गाड्या एकमेकींना चिकटू देऊ नका. गिअर पी मध्ये. दिवे, एसी, म्युझिक, सीट हीटर सगळं बंद. बिडी-सिगारेट लांब, कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि एक ठिणगी पुरते.

१. लाल केबलचं एक टोक तुमच्या गाडीच्या प्लसला, म्हणजे लाल झाकणाखालच्या पॉइंटला.

२. लाल केबलचं दुसरं टोक मदतीच्या गाडीच्या बॅटरीच्या प्लसला.

३. काळ्या केबलचं एक टोक मदतीच्या गाडीच्या मायनसला.

४. काळ्या केबलचं शेवटचं टोक तुमच्या गाडीच्या बोनेटखालच्या अर्थिंगच्या खुंटाला. बॅटरीच्या मायनस टर्मिनलला नको. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, ती बॅटरीपासून लांब उडावी. शिवाय या गाड्यांत मायनस टर्मिनलवर एक सेन्सर बसवलेला असतो, तो बॅटरीत किती करंट आला-गेला याचा हिशोब ठेवतो. थेट टर्मिनलला जोडलं की त्याचा हिशोब चुकतो.

५. मदतीची गाडी चालू करून पाच मिनिटं तशीच राहू द्या (ट्रॅक्टर असेल तर बंदच). मग तुमच्या गाडीला सेल मारा. दहा सेकंदांपेक्षा जास्त सलग नको. नाही झाली तर दोन-तीन मिनिटं थांबून पुन्हा.

६. चालू झाली की मागचा काच-हीटर किंवा पंखा थोडा वेळ लावा, म्हणजे केबल काढताना व्होल्टेजचा झटका बसत नाही. हेडलाइट मात्र लावू नका. मग केबली उलट्या क्रमाने काढा: तुमच्या गाडीचं काळं, त्यांचं काळं, त्यांचं लाल, तुमचं लाल.

दोन-तीन प्रयत्नांत गाडी जागी झाली नाही, तर थांबा. एक तर केबल पातळ असेल, बाजारात स्वस्त मिळणाऱ्या बारीक केबली नुसत्या तापतात. किंवा बॅटरी आतून गेली असेल. पुन्हा पुन्हा सेल मारून स्टार्टर जाळण्यात अर्थ नाही.

धक्का मारायचा नाही, दोरीने ओढायचं नाही

ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने चालू होत नाही, कितीही माणसं लावा. त्यातच बॅटरी नसली की गिअर पी मध्ये अडकून राहतो आणि इलेक्ट्रिक हँडब्रेकही सुटत नाही. ओढून नेली तर गिअरबॉक्स जातो. अख्खी गाडी पाठीवर घेऊन नेणारी फ्लॅटबेड गाडीच मागवा, आणि फोनवर 'फ्लॅटबेडच पाहिजे, हुकची क्रेन नको' हे दोनदा सांगा.

रोडसाइड असिस्टन्सचा नंबर मॅन्युअलमध्ये, पुढच्या काचेवरच्या स्टिकरवर किंवा कंपनीच्या ॲपवर असतो. कंपनीची मुदत संपली असेल तर विम्याची पॉलिसी बघा, अनेकांनी ही सेवा पैसे भरून घेतलेली असते आणि त्यांना ते माहीत नसतं. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ला फोन लावा. कसारा घाटात किंवा रात्री महामार्गावर गाडी बंद पडली, तर बॅटरी उतरल्यामुळे चारही इंडिकेटर लागणार नाहीत. परावर्तक त्रिकोण गाडीच्या मागे पन्नासेक मीटरवर ठेवा आणि सगळे जण कठड्यापलीकडे उभे राहा.

कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या नव्या इमारतींत राहणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण. गाडी बेसमेंटमध्ये असेल तर तिथे मोबाइलला रेंज नसते, ॲप चालत नाही आणि फ्लॅटबेड तर उंचीमुळे उतारावरून आतच येत नाही. म्हणजे गाडी तिथेच जागी करावी लागते. अशांनी स्टार्टर पॅक घरात ठेवलाच पाहिजे.

चालू झाली, आता बंद करू नका

गाडी चालू झाल्यावर डॅशबोर्डवर दिव्यांची रांग दिसेल: एबीएस, स्टिअरिंग, टायर प्रेशर, एअर सस्पेन्शन. कमी व्होल्टेजमुळे या सगळ्या यंत्रणा एकदम तक्रार करतात. स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे फिरवा आणि थोडं अंतर चालवा, बहुतेक दिवे विझतात. काच एका दाबात वर जात नसेल तर बटण वर ओढून, काच बंद झाल्यावरही काही सेकंद धरून ठेवा. तासाभरानंतरही एखादा दिवा राहिला तर गॅरेजमध्ये स्कॅनर (गाडीतले दोष वाचणारं यंत्र) लावून घ्या.

जागेवर उभं राहून इंजिन चालू ठेवलं तर बॅटरी फारच सावकाश भरते. मोकळ्या रस्त्यावर तासभर चालवा. त्र्यंबकेश्वरला जाऊन परत आलात तरी पुरे. घाटाकडे किंवा दूरच्या प्रवासाला लगेच निघू नका. आणि सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणारी स्टार्ट-स्टॉपची सोय तिच्या वेगळ्या बटणाने बंद ठेवा (गाडी चालू करायचं बटण नव्हे), नाहीतर पहिल्याच सिग्नलला पुन्हा तेच.

एवढ्याने बॅटरी पूर्ण भरली असं मात्र समजू नका. या गाड्यांत ८० ते १०५ अँपिअर-अवरच्या (बॅटरीत किती करंट मावतो त्याचं माप) बॅटऱ्या असतात. पुरती रिकामी झालेली ९० ची बॅटरी ५ अँपिअरच्या चार्जरवर भरायला जवळजवळ एक दिवस लागतो. तासाभराच्या फेरीत गाडी पुन्हा चालू होण्यापुरती भर पडते, बस. त्या रात्री एजीएम (स्टार्ट-स्टॉपच्या गाड्यांत येणारी खास प्रकारची बॅटरी) मोड असलेला स्मार्ट चार्जर लावा, त्याच बोनेटखालच्या पॉइंटांवर. कोपऱ्यावरच्या बॅटरीवाल्याचा जुना, मोठा चार्जर व्होल्टेज मर्यादेबाहेर नेतो. एजीएम बॅटरीला १४.८ च्या वर नेऊ नये.

उतरली कशामुळे?

हे शोधल्याशिवाय नवी बॅटरी टाकली, तर तीही उतरेल.

नाशिकमध्ये सगळ्यात मोठं कारण म्हणजे गाडी वापरात नसणं. घरात दोन-तीन गाड्या, महागडी फक्त लग्नाला आणि रविवारी. कुलूप लावलेली गाडीही पूर्ण झोपत नाही, अलार्म, रिमोटचा रिसीव्हर, कंपनीचं ट्रॅकिंग जागं असतं. चांगल्या गाडीत हा गळता करंट ५० मिलिअँपिअरच्या आत असतो. तरी ५० धरले तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर, महिन्याला ३६. म्हणजे बॅटरीचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त काहीही न करता संपला.

त्यात बाहेरून बसवलेली भर पडते. पार्किंगमध्येही चालू राहणारा डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावून विसरलेलं ओबीडी यंत्र (गाडीची माहिती वाचणारं). यांपैकी काही यंत्रं गाडीला झोपूच देत नाहीत. बिनकिल्लीच्या गाडीचा रिमोट दाराजवळच्या खुंटीवर असेल आणि गाडी भिंतीपलीकडे उभी असेल, तरी काही गाड्या सारख्या जाग्या होतात. रिमोट आतल्या खोलीत ठेवा.

दुसरं कारण छोट्या फेऱ्या. कॉलेज रोडवरून गंगापूर रोडला मुलाला क्लासला सोडलं, परत आलो. सेल मारताना जेवढं गेलं तेवढंही भरत नाही.

आणि हवामान. थंडीत निफाडचा पारा घसरला की बॅटरी उतरते, म्हणून लोक थंडीला दोष देतात. पण बॅटरीला आतून खातो तो उन्हाळा. डिसेंबरमध्ये इंजिन ऑइल घट्ट होतं, सेल जड जातो आणि मे महिन्यात झालेलं नुकसान तेव्हा उघडं पडतं. म्हणून दिवाळीच्या आसपास बॅटरीची लोड टेस्ट करून घ्या. सेल मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल, तर हिवाळ्याआधीच बदला. आपल्याकडे या बॅटऱ्या साधारण ३ ते ५ वर्षं चालतात.

इंजिन चालू असताना १४ च्या आसपास व्होल्टेज दिसलं तर अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा भाग) काम करतोय. या गाड्यांचा अल्टरनेटर गरजेप्रमाणे कमी-जास्त होतो, त्यामुळे थोडा वेळ १३ दिसलं तर लगेच तो गेला असं ठरवू नका.

नवी बॅटरी घेताना

स्टार्ट-स्टॉपच्या गाडीला एजीएम होती तर एजीएमच घ्या. साधी बॅटरी बसते, गाडी चालते, पण लवकर मरते. आकार, अँपिअर-अवर आणि सीसीए (थंडीत सेल मारण्याची ताकद) मूळच्या इतकेच ठेवा. डिकीतल्या किंवा सीटखालच्या बॅटरीला एक बारीक नळी असते, ती बॅटरीतला वायू गाडीबाहेर सोडते. बदलताना ती परत जोडली का, हे स्वतः वाकून बघा. घाईत ती नेमकी राहून जाते.

बॅटरीवाल्याला पैसे देण्याआधी एकच प्रश्न विचारा: 'रजिस्ट्रेशन करून देणार का?' बीएमडब्ल्यू आणि ऑडीसारख्या गाड्यांना नवी बॅटरी बसवली हे स्कॅनरने कळवावं लागतं. नाही कळवलं तर गाडी जुन्या थकलेल्या बॅटरीच्या हिशोबानेच चार्जिंग करत राहते आणि नवी लवकर खराब होते. बदलताना दुसऱ्या बाजूने करंट चालू ठेवणारा सपोर्ट लावायला सांगा, म्हणजे गाडीची स्मृती पुसली जात नाही. बॅटरी सुटी असताना डिकी लावू नका.

जुनी बॅटरी भंगारात टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानदार ती परत घेतो आणि बिलातून रक्कम वजा करतो.

गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर

द्राक्ष हंगामात मळ्यावर मुक्काम असतो, काही जण मुलांकडे परदेशी जातात. २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवसांत पंचवटी, रामकुंड आणि त्र्यंबक रस्त्याकडच्या अनेकांची गाडी दारातच उभी राहील. दोन आठवड्यांहून जास्त उभी राहणार असेल तर बॅटरी मेंटेनर लावून जा, तो बॅटरी भरली की आपोआप थांबतो. पार्किंगमध्ये प्लग नसेल तर सोसायटीकडे स्वतंत्र मीटरचा पॉइंट मागा, इलेक्ट्रिक गाड्यांसाठी तो अनेक ठिकाणी आता मिळतोय. तेही जमत नसेल तर घरातल्या कुणाला तरी आठवड्यातून एकदा गाडी तासभर बाहेर काढायला सांगा. नुसती पार्किंगमध्ये पाच मिनिटं चालू करून बंद करायला सांगू नका, त्याने बॅटरी आणखी उतरते. डॅशकॅम आणि ट्रॅकरची पिन काढा, आणि धातूची किल्ली कुठे ठेवलीय हे मागे राहणाऱ्या माणसाला दाखवून जा.